दररोजची वाटणी आणि दररोजचे वाचन

पाठाचा भाग : प्रेषितांची कृत्ये ६:१–७, ८:२६–४०, १७:१०–१२. सोबत वाचावे : नहेम्या ८, याकोब १:२२–२५.

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपुरावरून महाडास येते आणि तेथून खाडीचे रूप घेऊन बाणकोटापाशी समुद्रास मिळते. या नदीच्या काठी आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासातील एक लहानशी गोष्ट घडली आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी रेव्हरंड डोनल्ड मिचेल हे बाणकोटास येऊन राहिले. हे गृहस्थ पूर्वी कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी होते. ती चाकरी सोडून ते सुवार्तेच्या कामास लागले होते. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात पोलादपूर येथे त्यांचे देहावसान झाले. या खोऱ्यात त्यांस पुरते एक वर्षही मिळाले नाही. त्यांच्या मागून आलेल्या सोबत्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा चालविल्या, आणि पुढे काही वर्षांनी ती ठाणी सोडून ते मुंबई व पुणे येथे कामास गेले.

त्या दिवसांत या खोऱ्यातील मनुष्यास आपल्या भाषेत शास्त्र वाचावयाचे म्हटले तर ते जवळजवळ अशक्यच होते. श्रीरामपूर येथील छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली व नवा करार १८११ साली मराठीत निघाला होता. पण बंगालात छापलेली ती पुस्तके कोकणातील खेड्यापर्यंत कोण आणणार? मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांचा मराठी नवा करार १८२६ साली छापून झाला, तेव्हा मिचेलसाहेबांस जाऊन तीन वर्षे होऊन गेली होती. आज त्याच खोऱ्यात महाडची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथे कामास जाणाऱ्या आपल्या मुलांच्या खिशातील फोनमध्ये उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सबंध शास्त्र असते, आणि हवे तर तो फोन ते वाचूनही दाखवितो. तेव्हा पुस्तक मिळत नाही ही अडचण आता उरली नाही. अडचण निराळीच आहे, आणि ती मला एका तरुणाच्या तोंडून कळली.

हा तरुण आमच्या मंडळीतील एका कुटुंबाचा. वसाहतीतील एका रसायनाच्या कारखान्यात तो पाळीने काम करतो व जवळच भाड्याच्या खोलीत राहतो. सुटीस घरी आला असता तो म्हणाला, “गुरुजी, एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी. रात्रपाळीहून आलो की डोळे उघडे राहत नाहीत. त्यात उपासनेच्या आधी खोली झाडणे, सतरंज्या घालणे, पेटी आणणे, वर्गणी गोळा करणे, हे सारे आम्हा दोघातिघांवरच असते. रोजचे वाचन आणि मंडळीची सेवा, दोन्ही माझ्याच्याने होत नाहीत. दोहोंपैकी कोणते सोडू ते सांगा.”

मी त्यास तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणाऱ्यास एखादे वचन तोंडावर फेकून वाटेस लावणे हे आम्हा शिकविणाऱ्यांचे नेहमीचे पाप आहे. म्हणून मी घरी येऊन प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि त्यात जे आढळले ते या पाठात मांडीत आहे.

त्या पुस्तकात ‘दररोज’ ही गोष्ट दोन ठिकाणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक पौल व सीला यांचे बोलणे ऐकून दररोज शास्त्र शोधून पाहतात, की हे सांगतात ते खरे आहे काय. हे स्थळ आपणा सर्वांस माहीत आहे. दैनिक वाचनावर उपदेश करणारा प्रत्येकजण त्याचा दाखला देतो. परंतु सहाव्या अध्यायाच्या अगदी पहिल्याच वचनात दुसरे ‘दररोज’ आहे, व तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. यरुशलेमेच्या मंडळीत विधवांस दररोज अन्नाची वाटणी होत असे, आणि त्या वाटणीत हेल्लेणी विधवांची उपेक्षा होत होती. त्यावरून कुरकुर सुरू झाली. म्हणजे पहिल्या मंडळीत वाचन हे जसे रोजचे, तशी वाढणीही रोजचीच. रविवारी तेवढी सेवा आणि इतर दिवशी आपापले घर, अशी विभागणी तेथे नव्हती.

आता त्या कुरकुरीवर काय उपाय झाला तो पाहा. प्रेषितांनी सर्व शिष्यांस जमवून सांगितले की आम्ही वचनाची सेवा सोडून पंगतीची सेवा करावी हे योग्य नाही. यास्तव तुम्ही आपल्यातून सात माणसे निवडा. पुष्कळांनी या वाक्याचा असा अर्थ घेतला आहे की वचन हे वरच्या माणसांचे काम आणि वाढणे हे खालच्या माणसांचे. ज्यास वाचता येते त्याने वाचावे, ज्यास येत नाही त्याने सतरंज्या घालाव्या! आमच्या खेड्यांतील कितीतरी मंडळ्यांत हीच रीत रूढ होऊन बसली आहे. पाळक व दोन वडील वाचतात, बाकीचे झाडतात, आणि झाडणाऱ्यांस कोणी विचारीत नाही की बाबा, तू काल काय वाचलेस.

पण लूक तेथे थांबत नाही. त्या सातांपैकी पहिला स्तेफन. पंगतीवर लक्ष ठेवण्यासाठी निवडलेला हा मनुष्य त्याच अध्यायाच्या शेवटी धर्मसभेपुढे उभा केला जातो. हाती पुस्तक नाही, तयारीस अवसर नाही, समोर खोटे साक्षीदार. अशा स्थितीत तो अब्राहामापासून आरंभ करून इसहाक, याकोब, योसेफ, मोशे, यहोशवा, दावीद व शलमोन यांपर्यंत सारा इतिहास सांगत जातो आणि संदेष्ट्यांची वचने योग्य त्या जागी आणतो. सातव्या अध्यायात ६० वचने आहेत, त्यांतली ५० हून अधिक एकट्या स्तेफनाच्या भाषणाची आहेत. हे त्याने केव्हा पाठ केले असेल? विधवांच्या पंगती उठल्यावर, किंवा कदाचित त्या बसण्यापूर्वी. लूक ते सांगत नाही. इतके मात्र उघड आहे की वाढणारा हा मनुष्य वाचणाराही होता.

सातांपैकी दुसरा फिलिप्प. आठव्या अध्यायात तो गज्जाच्या वाटेवर एका रथाजवळ जातो. रथात कूश देशाच्या राणीचा खजिनदार बसला आहे, आणि तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक मोठ्याने वाचीत आहे. कारण जवळ येताच फिलिप्पास ते ऐकू आले. वाचणाऱ्यास अर्थ कळत नव्हता. फिलिप्प वर चढून त्याजपाशी बसला व त्याच शास्त्रलेखापासून आरंभ करून त्यास येशूविषयी सांगू लागला. येथे प्रेषितांपैकी कोणी नव्हता. अन्न वाटण्याकरिता नेमलेल्या मनुष्याने यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचा अर्थ उलगडला. याच फिलिप्पाच्या कैसरियातील घरी पुढे पौल उतरला, असे एकविसाव्या अध्यायात आहे. तेथेही लूक आठवणीने लिहितो की हा त्या सातांपैकी होता.

या दोघांकडे पाहून मला त्या तरुणास द्यावयाचे उत्तर अर्धे तरी सापडले. त्याने वाचन व सेवा ही दोन निराळी खाती मानली होती, जणू एकात जमा केले की दुसऱ्यातून वजा होते. स्तेफनाच्या व फिलिप्पाच्या ठायी ती दोन नव्हती.

कारखान्यातील माणसास हे समजणे कठीण जाऊ नये. तेथे रिअ‍ॅक्टरवर काम करणारा कामगार ठरल्या वेळी गेजवरील तपमान व दाब पाहतो आणि लॉगशीटवर लिहितो. यास ते लोक ‘रीडिंग घेणे’ असे म्हणतात. समजा, दाब वाढत चालला आहे, आणि कामगाराने तो आकडा सुंदर अक्षरांत लिहिला व पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. त्याने रीडिंग तर बरोबर घेतले. पण व्हॉल्व्हकडे हात गेला नाही. त्याचा परिणाम काय होईल हे तेथील प्रत्येक माणूस जाणतो. उलटपक्षी, जो गेजकडे न पाहताच व्हॉल्व्ह फिरवीत सुटतो त्यालाही कोणी पाळीवर ठेवणार नाही. याकोबाने आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त दिला आहे. तो महाडच्या वसाहतीत राहिला असता तर त्याने बहुधा गेजचा दिला असता.

येथे माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती सांगण्यास मला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी मी वर्षभरात सबंध शास्त्र संपविण्याचा नेम केला होता. शास्त्रात ११८९ अध्याय आहेत, जुन्या करारात ९२९ व नव्यात २६०. म्हणजे दिवसास तीनहून थोडे अधिक पडतात. मी चार वाचीत असे, आणि भिंतीवरील तक्त्यावर खुणा करीत असे. एका शनिवारी नाताळाच्या आधी मंदिराची रंगसफेदी चालली होती. बोलावणे आले तेव्हा मी निरोप धाडला की माझे दोन अध्याय राहिले आहेत, ते झाले की येतो. तेवढ्यात मंडळीतील एक वृद्ध बाई हातात चुन्याची बादली घेऊन दारात आल्या. त्यांस अक्षरओळख नाही. त्यांनी विचारले, “मास्तर, जे दोन झाले त्यांत काय होते?” आणि मला सांगता येईना! डोळ्यांखालून गेले होते, तक्त्यावर खूणही झाली होती. त्या बाई काही बोलल्या नाहीत. दुसरी बादली माझ्या हाती देऊन पुढे चालू लागल्या.

अध्यायांचा नेम वाईट, असे मला म्हणावयाचे नाही. स्कॉटलंडातील डंडी शहरचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीकरिता वाचनाचा जो तक्ता केला, तो आजही जगभर वापरात आहे. दररोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार व स्तोत्रे दोनदा. हा तक्ता देताना त्यांनी त्यातील धोकेही स्वतःच सांगून ठेवले होते : वाचन निव्वळ रिवाज होईल, नेम पाळला एवढ्यावरच मनुष्य संतुष्ट होईल, घाईने वाचील, आणि काहींना तर ते ओझेच वाटेल. मॅकशेन पुढच्याच वर्षी, वयाच्या २९ व्या वर्षी, मृत्यू पावले. आपण त्यांचा तक्ता घेतला आणि सूचना मात्र विसरलो.

पाळीच्या कामगारास मी चार अध्याय सांगणार नाही. नव्या कराराचे अध्याय २६० आहेत. आठवड्यास पाच वाचले तर ५२ आठवड्यांत, म्हणजे बरोबर वर्षभरात, तो पुरा होतो, आणि दर आठवड्यास दोन दिवस मोकळे राहतात : एक प्रभुवार, दुसरा पाळी बदलण्याचा दिवस, ज्या दिवशी झोपेखेरीज दुसरे काही सुचत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात एवढेही होत नसेल तर मार्काच्या शुभवर्तमानातील दहा वचने घ्यावी. ती कंपनीच्या बसमध्ये जाताना वाचावी, येताना नव्हे. येताना डोळा लागणारच, आणि त्यात पाप नाही. वाहनात बसून वाचणे कमी प्रतीचे, असे कोणास वाटत असेल तर त्याने कूशी खजिनदाराची आठवण ठेवावी. आपल्या महाराष्ट्रातलाही दाखला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास जात असता एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ते वाचन डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले ते थांबलेच, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठी मंडळीस किती गीते दिली हे सांगावयास नको.

आता उत्तराचे दुसरे अर्ध. हे त्या तरुणाकरिता नाही, आपणा वडीलधाऱ्यांकरिता आहे. प्रेषितांनी कुरकुर ऐकून वाढणाऱ्यांस दटाविले नाही, किंवा ‘अधिक प्रार्थना करा म्हणजे बळ येईल’ असेही सांगितले नाही. त्यांनी माणसे वाढविली. ज्या मंडळीत सतरंजी, पेटी, वर्गणी व किल्ली ही सारी कामे त्याच दोघांतिघांच्या गळ्यात असतात, तेथे त्यांचे वाचन बुडाले तर तो दोष त्यांचा थोडा व मंडळीचा फार. किल्ली एकाने सांभाळावी, झाडणे कुटुंबांनी पाळीपाळीने घ्यावे, हिशेब वर्षास बदलावा. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. मंडळीने एकाच पाळीवर का चालावे?

आणि ती कुरकुर कशाची होती हेही नीट पाहिले पाहिजे. अन्न कमी पडले अशी ती नव्हती. एका भाषेच्या, एका मुळाच्या विधवांस मिळत होते आणि दुसऱ्यांस मिळत नव्हते. हे प्रभूच्या मंडळीत, पेन्टेकॉस्टानंतर थोड्याच काळात घडले! तेव्हा आपल्यात तसे काही नाही असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. वसाहतीत पोटासाठी निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून लोक येतात. कोणी मराठी, कोणी मल्याळी, कोणी तामिळ, कोणी उत्तरेकडचे. उपासनेनंतर ते निरनिराळे घोळके करून उभे राहतात, आणि नवीन आलेले कुटुंब दाराशी चपला शोधीत असते. आपल्या खेड्यांत तर याहून जुने दुखणे आहे : बाप्तिस्म्यापूर्वीची जात. सोयरीक जुळविताना ती निघते, भोजनाच्या पंगतीत निघते, दफनभूमीतही निघाल्याची उदाहरणे आहेत. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो माणसांसह जाऊन चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावावा लागला, त्या महाडाच्या परिसरात प्रभूची मेज मांडणाऱ्यांनी हा अध्याय फार सावकाश वाचावा. सात जणांची नावे आहेत ती सारी हेल्लेणी वळणाची आहेत : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांची उपेक्षा होत होती त्यांच्याच बाजूची माणसे वाढपी नेमली गेली, असा त्याचा अर्थ पुष्कळ टीकाकार करतात, आणि मला तो पटतो. आमच्या पंचमंडळातील नावे काढून पाहावी.

वाचन खरे झाले की नाही याची खूण नहेम्याच्या आठव्या अध्यायात आहे. पाणीवेशीपुढील चौकात एज्रा पहाटेपासून दोन प्रहरापर्यंत नियमशास्त्र वाचतो; लेवी लोकांस अर्थ समजावून देतात; लोक रडू लागतात. तेव्हा त्यांस सांगण्यात येते की रडू नका, घरी जाऊन खा-प्या, आणि ज्याच्या घरी काही सिद्ध केलेले नाही त्याच्याकडे वाटा पाठवा. सहा तासांच्या वाचनानंतर ताट दुसऱ्याच्या घरी गेले! तीच गोष्ट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी केडगावास आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुली मुक्तिसदनात जेवत होत्या, शिकत होत्या, आजारी पडत होत्या. आणि एवढ्या व्यापात बाई हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. सोपे का, तर ते ज्यांना समजावयाचे होते त्या स्त्रिया तेथेच अंगणात धान्य निवडीत बसल्या होत्या. छापखान्यातील कामही तेथील स्त्रियांनीच केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या व ते भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून निघाले. विद्वानांनी त्यातील भाषेस नावे ठेवली असतील. धान्य निवडणाऱ्या बाईस ते कळले.

या खोऱ्यावर २२ जुलै २०२१ रोजी जे संकट आले ते आपण विसरलो नाही. महाड शहर पाण्याखाली गेले. तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून कितीतरी घरे माणसांसह गाडली गेली. पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल होता, आणि तो उपसण्यास जातधर्म न विचारता माणसे आली. अशा दिवशी कोणी बायबल उघडून बसला नाही म्हणून देव त्यास जाब विचारणार नाही. विचारील तर हे विचारील, की त्याआधीच्या साध्या दिवसांत तू जे वाचीत होतास त्यातले त्या चिखलात तुझ्याबरोबर काय आले.

त्या तरुणास मी अखेर पत्र पाठविले. त्यात लिहिले की दोहोंपैकी काही सोडू नकोस, पण दोन्ही लहान कर. पेटी आणण्याचे काम दुसऱ्याकडे दे. मी तुमच्या वडिलांशी बोलतो. दहा वचने वाच, आणि रविवारी सतरंजी घालताना बरोबर असलेल्या मुलास त्यांतले एक सांग. आठ दिवसांनी त्याचे उत्तर आले : पेटी आता दुसरा आणतो, पण त्याला ती वाजविता येते, त्यामुळे आमची गाणी सुधारली आहेत. वाचनाविषयी त्याने काही लिहिले नव्हते. शेवटी मात्र एक शंका विचारली होती की स्तेफनाने मोशेचे वय तीन वेळा चाळीस-चाळीस वर्षांनी मोजले ते कोठून घेतले. सातवा अध्याय त्याने वाचला होता, हे मला त्यावरून समजले. शंका चांगली आहे. निर्गम ७:७ व अनुवाद ३४:७ काढून पाहावे.

येत्या सप्ताहाचे वाचन : सोमवारी प्रे. कृ. ६, मंगळवार व बुधवारी अध्याय ७ दोन भागांत, गुरुवारी ८:२६–४०, शुक्रवारी नहेम्या ८. शनिवारी नवीन भाग घेऊ नये. ज्यास वाचता येत नाही किंवा दृष्टी गेली आहे अशा मंडळीतील एकाच्या घरी जाऊन या पाचांपैकी त्यास जो हवा तो भाग मोठ्याने वाचावा.